शाखापाल आणि बादली

ऑफिसात ज्याला कुणी विचारत नाही, तो माणूस घरी येऊन निदान पंख्याचा वेग ठरवतो. आमच्या घरात तेही खातं बायकोकडे आहे. त्यामुळे इमारतीच्या पंपाच्या प्रोग्रामवर देखरेख करायला एक जबाबदार माणूस हवा, असं कमिटीच्या मीटिंगमध्ये निघालं, तेव्हा माझा हात माझ्याही आधी वर गेला. दुसऱ्या कुणाचा हात वर नव्हता, ही गोष्ट माझ्या लक्षात जरा उशिरा आली.

आधी पंपाबद्दल सांगतो. इमारत आमची सहा मजली. खाली जमिनीत एक मोठी टाकी. पहाटे मोटर सुरू होते आणि पहिल्या मजल्यापासून एकेका मजल्याला पाळीपाळीने पाणी सुटतं. पूर्वी हे सगळं वॉचमन हाताने चाव्या फिरवून करायचा. तो नोकरी सोडून गेल्यावर इमारतीतल्या हौशी मंडळींनी पंपाच्या खोलीत एक छोटा कॉम्प्युटर बसवला आणि त्याच्यासाठी प्रोग्राम लिहिला. हौशी मंडळी म्हणजे दुसऱ्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर, आमच्या समोरच्या दारातले भूगोलाचे निवृत्त सर आणि आमच्या अध्यक्षांची सून. यातली सून तेवढी खरी या धंद्यातली. बाकी दोघे व्हिडिओ बघून शिकलेले. मीही पोटापाण्यासाठी सॉफ्टवेअरच करतो, पण माझ्याबद्दल पुढे येईलच.

आता या प्रोग्रामची एक सामायिक शाखा असते. म्हणजे ती मूळ प्रत, जिच्या हुकमाने मोटर खरोखर चालते. ज्याने त्याने आपल्या घरी, आपल्या प्रतीत, वाटेल तो गोंधळ घालावा. कुणाचं काही जात नाही. पण तोच गोंधळ सामायिक शाखेत मिसळला, की तो सहा मजल्यांच्या नळांना लागतो. एकदा डॉक्टरांनी दवाखाना बंद करता करता एक बदल घाईघाईत शाखेत मिसळला आणि घरी जाऊन झोपले. मोटर थांबायचं विसरली. सकाळी पार्किंगमध्ये तळं साचलं होतं आणि त्यात अध्यक्षांची चप्पल तरंगत होती. अध्यक्ष मीटिंगमध्ये अनवाणीच आले. मुद्दाम आले असावेत, कारण घरी त्यांच्याकडे दुसरे जोड होते.

"काहीतरी नियम हवेत!" ते गरजले. "कुणीही यावं आणि शाखेत काहीही घालावं, ही काय पद्धत झाली?"

आणि मग तो माझा हात.

आता माझ्याबद्दल. ऑफिसात आमची टीम लीड माझ्या भाचीच्या वयाची आहे. माझं काम सामायिक शाखेत जाण्याआधी ती तपासते आणि परत पाठवते. कधी चाचणी जोडली नाही म्हणून, कधी नावांवरून अर्थबोध होत नाही म्हणून, कधी एकाच बदलात चार कामं कोंबली म्हणून. एकदा तर तिने नुसतं एक प्रश्नचिन्ह टाकून परत पाठवलं होतं. ते प्रश्नचिन्ह मी आजतागायत विसरलेलो नाही. तर ऑफिसात जे जे माझ्या जिव्हारी लागलं होतं, ते ते मी एकेक करून इमारतीच्या नियमावलीत कलम म्हणून घातलं. हाताशी एवढा अनुभव असताना मला दुसरीकडे बघायची गरजच पडली नाही.

प्रत्येक बदलासोबत त्याची चाचणी हवी. बदल लहान हवा. तो का केला, याचं कारण स्पष्ट शब्दांत लिहायला हवं. 'किरकोळ सुधारणा' असं लिहिलेलं चालणार नाही. नावं अर्थपूर्ण हवीत. हे कलम डॉक्टरांसाठी होतं. त्यांनी मोटरला 'दाढ', झडपांना 'सुळा' आणि खालच्या टाकीला 'अक्कलदाढ' अशी नावं दिली होती, कारण ती सगळ्यात खाली, सगळ्यात मागे आणि सगळ्यात जास्त त्रास देणारी. मग दोघांची संमती हवी. ज्याचा बदल आधीपासून तपासणीच्या रांगेत आहे, त्याच्या भागाला दुसऱ्या कुणी हात लावला, तर त्याचीही संमती हवी. शिवाय तपासणाऱ्याने तोंड बघून माप देऊ नये म्हणून प्रत्येकाने टोपणनावाने काम पाठवावं, खरं नाव फक्त अध्यक्षांच्या सुनेकडे असावं. हे शेवटचं कलम लिहून झाल्यावर मी खुर्चीत मागे रेलून स्वतःवरच खूश होऊन छताकडे बघत बसलो होतो.

शेजाऱ्यांचे सल्ले आलेच. अध्यक्ष म्हणाले, सगळं छान आहे, पण शिक्का कुठे मारायचा? मी म्हटलं, हे कागदावर नसतं, शिक्का मारता येत नाही. ते म्हणाले, मग लोक मानणार कसे? शेवटी नियमावली छापली, तिच्यावर शिक्का मारला आणि ती पंपाच्या खोलीत लावली, जिथे दोन दिवसांत ओल धरून तिची खालची कलमं मिटली. भूगोलाच्या सरांचं म्हणणं पडलं की प्रत्येक बदलाच्या आधी त्या भागाचा पूर्वेतिहास द्यावा. सर एक ओळ लिहायच्या आधी तिच्यावर दीड पान टीप लिहितात. डॉक्टर म्हणाले, "काय हो, एवढं सगळं आम्ही करायचं, मग तुम्ही काय करणार?" मी म्हटलं, "मी शाखापाल." हा शब्द मी आदल्या दिवशीच तयार करून ठेवला होता.

"शाखापाल?" बायको म्हणाली. "राज्यपाल म्हटल्यासारखं वाटतंय. त्यांना निदान बंगला असतो."

बायको मोठ्या हॉस्पिटलमध्ये हेड नर्स आहे आणि तिची ड्यूटी पहाटेची. आम्ही सहाव्या मजल्यावर. पाणी पहिल्या मजल्यापासून पाळीपाळीने वर चढतं, आणि आमची पाळी येईतो ती निघून गेलेली असते. त्यामुळे जिन्याजवळच्या नळाला संध्याकाळी तासभर पाणी येतं, तिथून आदल्या दिवशी मोठ्या बादल्या भरून ठेवायच्या आणि पहाटे त्या थंडगार पाण्याने आंघोळ करून कामावर जायचं, असं तिचं कित्येक महिने चाललं होतं. बारा तास उभं राहून आलेली बाई, आल्या आल्या पहिलं काम बादल्या भरायचं.

"अहो," ती एकदा म्हणाली, "आता तुम्ही शाखापाल झालातच, तर तेवढी पाळी उलटी करा ना. वरून खाली. माझी आंघोळ तरी नळाच्या पाण्याने होईल."

"अगं, असं तोंडी चालत नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे रीतसर पाठवावं लागतं. उद्या लोक म्हणतील, शाखापालाने बायकोला झुकतं माप दिलं. मला सगळे सारखे."

ती माझ्याकडे बघत राहिली. तो विषय तिने पुन्हा काढला नाही. माझा निःपक्षपातीपणा तिला पटला, अशी मी समजूत करून घेतली. आमच्या लग्नाला बरीच वर्षं झाली आहेत, तरी मी अजून अशा समजुती करून घेतो.

यानंतर आठवडाभराने शाखेकडे एक नवा बदल आला. पाठवणाऱ्याचं टोपणनाव होतं 'बादली'. बदल असा की पाण्याची पाळी सहाव्या मजल्यापासून खाली यावी.

आता सहाव्या मजल्यावर दोनच घरं. एक आमचं आणि एक भूगोलाच्या सरांचं. मी ताबडतोब ताडलं. सरांनी पद्धत बदलली असावी, कारण यात दीड पानी टीप नव्हती. पण स्वार्थ माणसाला संक्षेप शिकवतो, असं मी मनाशी म्हटलं. आणि मी काम तपासायला घेतलं. काय सांगू तुम्हाला, दुसऱ्याचं काम परत पाठवण्यात जे सुख आहे, ते मला इतकी वर्षं कुणी सांगितलंच नव्हतं. ती टीम लीड सदा हसतमुख का असते, ते मला त्या दिवशी कळलं.

मी लिहिलं: 'हेतू स्तुत्य. अंमलबजावणी शोचनीय. खालची टाकी भरलेली नसेल आणि मोटर आधी सहाव्या मजल्याचा चढ चढू लागली, तर ती जळेल. याचा विचार कुणी करायचा?'

हे मी जेवताना बायकोला वाचून दाखवलं. घरात श्रोते कमी, म्हणून जे आहेत त्यांच्यावर भागवावं लागतं.

"शोचनीय म्हणजे नक्की काय करायला हवं होतं त्याने?" तिने विचारलं.

"अगं, सोपं आहे." मी हातातला घास खाली ठेवला. "आधी टाकीत पाणी आहे का ते बघायचं. असेल तरच मोटर. नाहीतर थांबायचं आणि कळवायचं."

"अच्छा," ती म्हणाली आणि पाणी प्यायली.

दोन दिवसांनी बादलीचा सुधारलेला बदल आला. टाकी बघूनच मोटर चालू होत होती. मी चकित झालो. सरांची प्रगती वाखाणण्यासारखी होती. पण चाचणी नव्हती, म्हणून मी परत पाठवलं. लिहिलं: 'चाचणीविना बदल म्हणजे पेशंटला न तपासता औषध.' हेही रात्री वाचून दाखवलं, कारण हॉस्पिटलची उपमा तिला आवडेल असं वाटलं.

"चाचणी कशी लिहितात पण?" ती म्हणाली.

मी पुन्हा घास खाली ठेवला. खोटी रिकामी टाकी तयार करायची, प्रोग्राम चालवायचा, मोटर थांबते का बघायचं. मग खोटी भरलेली टाकी. मी बरंच सांगितलं. ती अधूनमधून इतके नेमके प्रश्न विचारत होती, की मला वाटलं, हिला अखेर माझ्या कामात रस वाटायला लागला. उगाच नाही म्हणत, संसारात धीर धरावा लागतो. मी तर त्या भरात तिला फळ्यासारखी भिंत वापरून बोटानं आकृतीसुद्धा काढून दाखवली.

बादलीची चाचणी आली. मग मी नावांवरून परत पाठवलं. मग एका ओळीच्या लांबीवरून. मग काहीच सापडेना, तेव्हा एका प्रश्नचिन्हावर परत पाठवलं. होय, नुसतं प्रश्नचिन्ह. ते टाकताना माझ्या बोटांना जी गुदगुली झाली, ती कबूल न करणं अप्रामाणिकपणाचं होईल. ते वाचून दाखवल्यावर मात्र बायकोने चमचा जरा जोरात ठेवला.

बादलीचं उत्तर आलं: 'सूचनेबद्दल आभार. परीक्षकांनी कधी स्वतः बादली भरून जिन्याजवळच्या नळावरून घरात आणली आहे काय?'

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. शाखेच्या व्यवहारात ही भाषा? मी तडक समोरचं दार वाजवलं. आता नियमाप्रमाणे मला लेखक कोण ते माहीत असायला नको होतं, म्हणून मी आडून सुरुवात केली.

"सर, बादलीचं काय करायचं?"

सर डोळे किलकिले करून माझ्याकडे बघत राहिले. मग आत गेले आणि एक लाल प्लॅस्टिकची बादली घेऊन बाहेर आले. "घेऊन जा. पण परत द्या हं. मागच्या वेळी खालच्यांनी नेलेली अजून आली नाही." आणि मग शेजारधर्म आणि जगातल्या नद्यांची खोरी यावर ते पाऊण तास बोलले. मी बादली हातात धरून उभा होतो.

घरी आलो, तर बायको दारातच. "अरे वा, आणखी एक आणलीत?" ती म्हणाली. "बरं झालं. हीपण भरून ठेवते."

तिच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हललं होतं. मी दुर्लक्ष केलं. माझी दुर्लक्ष करण्याची शक्ती अफाट आहे.

एवढ्यात एक मोठी बातमी आली. शेजारच्या इमारतीची कमिटी रविवारी आमची व्यवस्था बघायला येणार होती. त्यांच्या अध्यक्षीणबाई निवृत्त ऑडिटर. अशा तशा गोष्टीला मान हलवणाऱ्या नव्हेत. आमचे अध्यक्ष आनंदाने दोनदा जिन्यात धडपडले. "त्यांना तुमची ती नियमावली दाखवायची," ते मला म्हणाले. "आणि तो प्रोग्रामही उघडून दाखवायचा. एकदम चकाचक असला पाहिजे."

मी घरी येऊन प्रोग्राम उघडला. जिकडेतिकडे दाढा आणि सुळे. 'अक्कलदाढ रिकामी आहे का?' असं विचारणारा प्रोग्राम मी त्या ऑडिटर बाईंना दाखवणार होतो? त्यात ते भूगोलाच्या सरांचं टिपणही होतं, ज्यात मोटरच्या वेळेखाली मोसमी वाऱ्यांची माहिती होती.

रीतसर जावं, तर मला बदल पाठवायला हवा होता. कारण लिहायला हवं होतं. चाचणी जोडायला हवी होती. दोघांची संमती आणि वर बादलीचीही, कारण खालच्या टाकीच्याच भागातला तो बदल अजून रांगेत पडून होता. म्हणजे मी ज्याचं काम प्रश्नचिन्ह टाकून परत पाठवलं, त्याच्यापुढे हात पसरायचा? मी, शाखापालाने? पण शाखापालाकडे आणीबाणीसाठी एक थेट किल्ली होती. ती वापरली की कुणाला न विचारता शाखेत बदल मिसळता येई. आणीबाणीची व्याख्या करायचं मात्र नियमावलीत राहून गेलं होतं.

शनिवारी दुपारी बायको अर्ध्या दिवसाच्या ड्यूटीवरून येऊन डुलकी घेत होती, तेव्हा मी बसलो आणि सगळे दात काढून टाकले. दाढेची 'मुख्यमोटर' केली, सुळ्याची 'मजलाझडप' केली, अक्कलदाढेची 'भूमिगतटाकी' केली. वाचताना कसं भारदस्त वाटत होतं! कारणाच्या जागी लिहिलं: 'किरकोळ सुधारणा.' नुसती नावंच तर बदलली, त्याला चाचणी कशाला? किल्ली फिरवली आणि शाखेत मिसळून टाकलं. मग चहा केला. बायकोलाही केला. ती म्हणाली, आज काय विशेष? मी म्हटलं, काही नाही, सहज.

रविवारी सकाळी मला जाग आली ती आरडाओरड्याने. बायको नेहमीप्रमाणे पहाटेच कामावर गेली होती. जिन्यात डॉक्टर तोंडाला पेस्ट लावून उभे होते. "पाणी नाही!" ते फेसातून म्हणाले. चौथ्या मजल्यावरचा एक माणूस डोक्याला शांपू लावलेल्या अवस्थेत माझ्याकडे असं बघत होता, की मी पायऱ्या झपाझप उतरलो.

पंपाच्या खोलीत अध्यक्ष आधीच पोहोचले होते आणि त्यांच्यासोबत शेजारच्या इमारतीची कमिटी. ते वेळेच्या आधीच आले होते. ऑडिटर लोक तसेच येतात. सगळे जण कॉम्प्युटरच्या छोट्या पडद्याकडे बघत होते. पडद्यावर लिहिलं होतं:

'चूक: अक्कलदाढ सापडत नाही. काम थांबवले आहे.'

ऑडिटर बाई म्हणाल्या, "कुणाची?"

झालं होतं ते असं की एका ओळीत, जिथे मोटर चालू होण्याआधी टाकी तपासली जाते, नेमकं तिथलं नाव बदलायचं माझ्याकडून राहिलं होतं. प्रोग्राम त्या ओळीवर आला, त्याने अक्कलदाढ शोधली, ती कुठेच नव्हती, म्हणून शहाण्यासारखा गप्प बसला. एक साधी चाचणी असती, तर ही चूक दुपारीच सापडली असती. डॉक्टरांनी वाकून पडदा वाचला आणि तोंडातली पेस्ट पुसत म्हणाले, "मी काढली नाही हो. माझ्याकडे न विचारता दात काढत नाहीत."

"एका मिनिटात नीट करतो," मी म्हटलं आणि किल्ली वापरायला गेलो.

"थांबा!" अध्यक्ष म्हणाले. पाहुण्यांसमोर त्यांना स्फुरण चढलं होतं. "आता त्या किल्लीला हात लावायचा नाही. तुमच्याच नियमाप्रमाणे काय ते रीतसर होऊ दे. या बाईंनाही कळू दे, आमच्याकडे नियम म्हणजे नियम."

ऑडिटर बाईंनी मान हलवली. सकाळपासून पहिल्यांदाच त्यांना काहीतरी पटलं होतं.

मी तिथेच मोबाईलवर दुरुस्ती लिहिली. अध्यक्षांच्या सुनेने ती वाचून संमती दिली. दुसरी डॉक्टरांनी दिली. त्याआधी तीन वेळा वाचली आणि मी खोटं हसेपर्यंत थांबले. "आणि आता," सून म्हणाली, "कलमाप्रमाणे बादलीची संमती लागेल. याच भागावर तिचा बदल रांगेत आहे."

"ती?" मी म्हटलं.

"बादली," सून म्हणाली आणि तिने तोंडावर पदर नसल्याने हात धरला.

तेवढ्यात माझ्या मागून कुणीतरी विचारलं, वर चहा करायचा म्हटलं तरी पाणी कुठून आणायचं? आणि तिसऱ्या मजल्यावरची बाई म्हणाली, "सहाव्यावर आहे ना! यांच्याकडे भरलेल्या बादल्या असतात. वहिनी रोज भरून ठेवतात." पाहता पाहता माझ्या घराची किल्ली माझ्या हातातून गेली, आणि त्या सकाळी अख्ख्या इमारतीत पाणी असलेलं एकमेव घर म्हणजे माझं घर ठरलं. लोक तांबे, पातेली, फुलदाणी काय हाती लागेल ते घेऊन सहा मजले चढत होते. शांपूवाला सगळ्यात पुढे होता. सरांची लाल बादली सरांनीच ओळखून नेली.

मी जिन्यात उभा होतो आणि हळूहळू, जरा उशिराच, माझ्या डोक्यात उजेड पडायला लागला. सगळे प्रश्न आठवले. शोचनीय म्हणजे काय करायचं. चाचणी कशी लिहितात. भिंतीवरची आकृती. जोरात ठेवलेला चमचा.

"तिला... कुणी शिकवलं?" मी सुनेला विचारलं.

"मी थोडं शिकवलं, काका. जिन्यात येता-जाता," सून म्हणाली. "पण जास्त तुम्हीच. जेवताना."

मी फोन लावला. अध्यक्षांनी स्पीकर चालू करायला लावला. मागे हॉस्पिटलचे आवाज ऐकू येत होते.

"बोला. पटकन. राउंड आहे," बायको म्हणाली.

"अगं, ते... तुझी संमती हवी होती. एका बदलाला."

ती म्हणाली, "थांबा, उघडते." आणि थोड्या वेळाने: "कारणाच्या जागी 'किरकोळ सुधारणा' लिहिलंय."

"हो."

"ते चालत नाही ना? मला वाचून दाखवलं होतंत."

जिन्यात कुणीतरी खोकलं. मी कारण पुसलं आणि लिहिलं, 'नाव बदलताना राहिलेली चूक दुरुस्त केली.'

"कुणाकडून राहिली?"

मी लिहिलं, 'शाखापालाकडून.'

"शाखापाल म्हणजे कोण? नावावरून अर्थबोध व्हायला हवा."

ऑडिटर बाई आता पहिल्या पायरीवर बसून ऐकत होत्या. मी लिहिलं, 'माझ्याकडून. मी चाचणी न करता, कुणालाही न विचारता थेट मिसळलं.'

"हं. आता स्पष्ट झालं," ती म्हणाली. तिचा आवाज मवाळ झाला होता, पण तेवढाच. "आणि चाचणी कुठे आहे?"

"चाचणी..."

"माझी आहे. तयार आहे. टाकी सापडते की नाही, तेच आधी बघते ती. किती दिवस परत येतीये तुमच्याकडून. शेवटी तर एका प्रश्नचिन्हावर." मागे कुणीतरी तिला 'सिस्टर' म्हणून हाक मारली. "आलेच! हे बघा, तुमचे नियम चांगले आहेत. पहिल्यांदा मी पाठवलं होतं ते मिसळलं असतंत तर खरंच मोटर जळली असती. मी काही म्हणत नाही नियमांना. पण रोज संध्याकाळी कंबर मोडेस्तोवर बादल्या भरल्या आहेत मी. तेवढं एकदा बघायचं होतं."

मला तिच्या पाठीवर ठेवलेली गरम पाण्याची पिशवी आठवली, जी मी रोज कपाटाच्या वर ठेवतो आणि ती रोज खाली काढते. इतके दिवस ते नुसतं कपाटाच्या जागेबद्दलचं भांडण आहे, असं मी समजत होतो.

"दोन्ही एकदम मिसळा," ती म्हणाली. "संमती दिली." आणि फोन बंद झाला.

मी बादलीच्या बदलाला संमती दिली, सुनेने दिली, आणि दोन्ही शाखेत मिसळले. चाचणी चालली. पडद्यावरची अक्कलदाढ गेली. मोटर घुरघुरली, आणि पाणी पहिल्यांदाच वरून खाली यायला लागलं. सहाव्या मजल्यावरून सरांचा आवाज आला, "आलं! आलं!" आणि मग पाचव्या मजल्यावरून, आणि मग तसाच तो आवाज जिन्याने खाली उतरत आला. ऑडिटर बाई उठल्या, त्यांनी पदर झटकला आणि आमच्या अध्यक्षांना म्हणाल्या, "आम्हाला ही नियमावली हवी आहे. आणि त्या फोनवरच्या बाई."

दुसऱ्या दिवशी पहाटे मला जाग आली. बाथरूममध्ये शॉवर चालू होता. गुणगुणणं ऐकू येत होतं. ती आवरून गेल्यावर मी आत डोकावलो. बादल्या धुऊन, पालथ्या घालून, भिंतीशी ओळीने ठेवलेल्या होत्या. मी गरम पाण्याची पिशवी कपाटाच्या वरून खाली काढली आणि खालच्या खणात ठेवली.

मग मी चहा घेऊन कॉम्प्युटर उघडला. बादलीकडून एक नवा बदल आला होता. प्रोग्राममध्ये नव्हता, नियमावलीतच होता. अगदी लहान बदल. पहिल्या कलमात 'हे नियम सर्वांना लागू राहतील' असं मी लिहिलं होतं. त्यात 'सर्वांना'च्या आधी 'शाखापालासह' हा एक शब्द घातला होता.

कारणाच्या जागी लिहिलं होतं: 'घरात तोंडी सांगून झालं.'

डॉक्टर, सर, सून, अध्यक्ष, सगळ्यांच्या संमती माझ्या आधीच आल्या होत्या. तपासायला काही उरलं नव्हतं, तरी मी दोनदा वाचलं. बदल लहान होता. कारण स्पष्ट होतं. नावावरून अर्थबोध होत होता. मी संमती दिली.